अनामत कोणाची, कर्ज कोणावर?

गेल्या वर्षी ईदनंतरच्या आठवड्यात असरची नमाज आटोपून मी हुजऱ्यात बसलो होतो. तीन भावंडे आत आली. दोन भाऊ आणि एक बहीण. वडिलांचे निधन होऊन चाळीस-पंचेचाळीस दिवस झाले होते आणि शरीअतप्रमाणे वारसा वाटून घ्यावा, अशी तिघांचीही इच्छा होती. आजकाल बहिणीला बरोबर घेऊन वाटणी विचारायला येणारे भाऊ पाहिले की मन भरून येते. त्यांनी वहीच्या पानावर नीट यादी करून आणली होती: राहते घर, भाड्याने दिलेले दुसरे घर, दुकानातील माल, बँकेतील शिल्लक, दफनविधीचा खर्च. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "अब्बांवर कोणाचे कर्ज?" थोरला अभिमानाने म्हणाला, "एक पैसाही नाही मौलाना. अब्बांना कर्जाचा तिटकारा होता."

"दुसऱ्या घरात भाडेकरू आहे ना? त्याचे डिपॉझिट किती?"

तिघे एकमेकांकडे पाहू लागले. बहिणीला आकडा ठाऊक होता: पंचाहत्तर हजार. थोरला म्हणाला, "पण ती तर अनामत आहे. ते कर्ज कसे?"

प्रश्न प्रामाणिक होता. आपल्या वस्त्यांत हजारो घरे अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर एका हातातून दुसऱ्या हातात जातात आणि प्रत्येक वेळी काही हजार ते काही लाख रुपये एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातात. त्या पैशाचे स्वरूप काय, तो कोणाच्या मालकीचा आणि कोणाच्या जबाबदारीवर, हा विचार आपण क्वचितच करतो. पैसा परत देण्याची वेळ आली की भांडण मात्र करतो.

थोरल्याच्या गोंधळाला आपली मराठी भाषाही थोडी कारण आहे. 'अनामत' हा शब्द अरबी 'अमानत'पासून आला. 'म' आणि 'न' यांनी आपापल्या जागा बदलल्या. महाविद्यालयात आम्हाला अशा बदलाचे नाव 'वर्णविपर्यय' असे शिकविले होते. तेव्हा गंमत वाटली होती. आता वाटते की अक्षरांबरोबर अर्थानेही जागा बदलली आहे, आणि कशी ती पुढे सांगतो.

अमानत म्हणजे काय, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातून आपल्याला ठाऊक आहे. मक्केचे लोक त्यांच्या जिवावर उठले होते आणि तरी त्याच लोकांच्या ठेवी त्यांच्याजवळ होत्या. हिजरतच्या रात्री त्यांनी आदरणीय अली (रजि.) यांना मागे ठेवले ते त्या ठेवी ज्यांच्या त्यांना पोहोचविण्यासाठी. सूरह अन्-निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांना परत करण्याची आज्ञा आहे. मक्का-विजयाच्या दिवशी काबागृहाची किल्ली उस्मान बिन तल्हा (रजि.) यांना परत देण्यात आली, त्या प्रसंगाशी भाष्यकारांनी ही आयत जोडली आहे. ठेव असो वा किल्ली, जी वस्तू घेतली तीच परत दिली गेली. फिकहच्या ग्रंथांत अमानतीचे दोन मुख्य नियम सांगितले आहेत. ठेवलेली वस्तू सांभाळणाऱ्याने वापरू नये. आणि त्याच्या हयगयीशिवाय ती नष्ट झाली, चोरीला गेली किंवा आगीत सापडली, तर त्याच्यावर भरपाई नाही.

आता हे दोन्ही नियम घराच्या डिपॉझिटला लावून पाहावेत. भाडेकरूने दिलेले पंचाहत्तर हजार रुपये घरमालक पाकिटात घालून, वर नाव लिहून कपाटात ठेवतो का? ते त्याच आठवड्यात मुलीच्या शुल्कात, दुकानाच्या मालात किंवा घराच्या हप्त्यात जातात. भाडेकरूलाही हे माहीत असते आणि त्याची हरकत नसते. आणि उद्या घरमालक म्हणाला की चोरी झाली, त्यात तुझे डिपॉझिटही गेले, आता माझी जबाबदारी नाही, तर कोणता भाडेकरू ते मान्य करील? हयगय असो वा नसो, पैसे परत मिळालेच पाहिजेत असे तो म्हणेल आणि त्याचे म्हणणे रास्त असेल. म्हणजे नाव अमानतीचे असले तरी व्यवहार अमानतीचा नाही.

मग हे तारण, म्हणजे रहन आहे का? उद्देश तारणाचाच आहे, यात शंका नाही. भाडे थकले, नुकसान झाले तर हाताशी काही असावे म्हणूनच ते घेतले जाते. तारण ठेवणे जायज आहे. सूरह अल-बकराच्या २८३ व्या आयतीत त्याचा उल्लेख आहे आणि खुद्द प्रेषितांचे (स.) चिलखत त्यांच्या निधनाच्या वेळी तीस साअ जवांच्या बदल्यात मदीनेतील एका यहुद्याकडे तारण होते, हे बुखारीत आले आहे. परंतु तारणही जपून ठेवायचे असते, खर्च करायचे नसते. जो पैसा मालकाच्या संमतीने खर्च होतो आणि ज्याच्या बदल्यात तेवढाच पैसा परत करावयाचा असतो, त्याला फिकहमध्ये एकच नाव आहे: कर्ज. करारात 'वापरण्याची परवानगी' असा शब्द नसला तरी ज्याची रूढी सर्वांना ठाऊक आहे ते बोलून ठरविल्यासारखेच मानले जाते. म्हणून आपल्याकडील अनेक उलमांनी घराचे डिपॉझिट परिणामतः कर्ज मानले आहे. घरमालक कर्जदार आहे आणि भाडेकरू धनको. (या रकमेच्या जकातीबाबत उलमांत मतभेद आहेत. आपल्या जवळच्या मुफ्तींना विचारून त्यानुसार अमल करावा.)

हे मी त्या तिघांना सांगितले तेव्हा धाकटा म्हणाला, "म्हणजे शब्दांचाच फरक." शब्दांचा नाही. आणि हे समजण्यासाठी आदरणीय जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांच्यासारखे दुसरे उदाहरण मला सापडत नाही.

लोक त्यांच्याकडे पैसे ठेवायला येत. ते म्हणत, अमानत म्हणून नको, कर्ज म्हणून दे. हरवेल अशी मला भीती वाटते. किती खोल विचार आहे हा! अमानत म्हणून घेतले असते आणि पैसा नाहीसा झाला असता तर त्यांच्यावर काहीच बंधन नव्हते. नुकसान ठेवणाऱ्याचे झाले असते. कर्ज म्हणून घेऊन त्यांनी सगळा धोका स्वतःच्या मानेवर घेतला. त्यांना तो पैसा वापरताही आला, पण त्या सवलतीची किंमत काय आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

हिजरी ३६ मध्ये, जमलच्या युद्धाच्या दिवशी, आपण आज मारले जाणार असे त्यांना वाटले. त्यांनी पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांना जवळ बोलाविले आणि सांगितले की मला सर्वांत मोठी काळजी माझ्या कर्जाची आहे, मालमत्ता विकून ते फेड आणि जड गेले तर माझ्या स्वामीकडे मदत माग. पुत्राने विचारले, आपला स्वामी कोण? उत्तर आले, अल्लाह. निधनानंतर पाहिले तर घरात दीनार-दिरहम काही नव्हते. जमिनी होत्या. आणि घरे होती: मदीनेत अकरा, बसऱ्यात दोन, कूफ्यात एक, मिस्रमध्ये एक. कर्ज भरले बावीस लाख. अब्दुल्लाह यांनी 'गाबा' नावाची जमीन विकून ते फेडले. मग भाऊबंद म्हणाले, आता वाटणी कर. त्यांनी नकार दिला. चार वर्षे हजच्या मोसमात ते पुकारा करीत राहिले की जुबैरवर ज्याचे काही देणे असेल त्याने यावे, आम्ही फेडू. चार वर्षांनंतर वाटणी झाली.

पंधरा घरांचा मालक मरणाच्या दारात आपल्या घरांची नव्हे, दुसऱ्यांच्या पैशाची काळजी करतो. आमच्या यादीत मात्र घर पहिल्या ओळीवर येते आणि त्या घरात राहणाऱ्याचा पैसा कुठल्याच ओळीवर नसतो. सूरह अन्-निसामध्ये वारशाचे हिस्से सांगताना प्रत्येक वेळी वसीयत आणि कर्ज यांच्यानंतर असे बंधन घातलेले आहे. म्हणून डिपॉझिटची तरतूद केल्याशिवाय झालेली वाटणी ही भाडेकरूच्या पैशाचीही वाटणी ठरते.

आता अर्थानेही जागा बदलली, असे मी वर म्हटले, त्याकडे येतो. भाड्याच्या व्यवहारात खरोखरच एक अमानत असते, पण ती पैसा नव्हे. ती घर आहे. फिकहनुसार भाड्याने घेतलेली वस्तू भाडेकरूच्या हाती अमानत असते. म्हणजे घरमालकाजवळ असते ते कर्ज, त्याला आपण अनामत म्हणतो. आणि भाडेकरूजवळ असते ती अनामत, तिला आपण काहीच म्हणत नाही.

एवढे ध्यानात घेतले तर घर सोडण्याच्या दिवशीचे निम्मे वाद मिटतात. चार वर्षे राहून कुटुंब निघते आणि घरमालक 'रंगाचे' म्हणून बारा हजार कापून घेतो. कशाच्या आधारावर? चार वर्षांत भिंतीचा रंग उतरतो, नळाचा वायसर झिजतो, दाराची कडी ढिली होते. हीच तर राहण्याची किंमत आहे आणि ती दरमहा भाड्याच्या रूपाने दिली गेली आहे. अमानत सांभाळणाऱ्यावर नैसर्गिक झिजेची भरपाई येत नाही. मात्र भाडेकरूच्या मुलाने बेसिन फोडले, विनापरवानगी भिंत छिन्नीने उकरून वायर टाकली, मोरीत कपडा अडकवून खालच्या मजल्यावर गळती केली, तर तो अमानतीतील अपराध आहे आणि त्याचा वाजवी खर्च त्याने दिलाच पाहिजे, घरमालकाने मागितला नाही तरी. नवा फ्लॅट शोधताना पाच घरे पाहणारे आपण सोडलेले घर एकदा झाडूनही देत नाही, हेही लिहायला हवे. आणखी एक चाल भाडेकरूंमध्ये रुजली आहे. शेवटचे दोन-तीन महिने भाडे द्यायचे नाही आणि म्हणायचे, डिपॉझिटमधून वळते करून घ्या. दोघांच्या राजीखुशीने असे वळते करायला हरकत नाही. पण एकतर्फी केले तर तो वचनभंग आहे. मागाहून वीजबिल किंवा मोडतोड निघाली तर घरमालकाच्या हाती काही उरत नाही, आणि तारण घेतले होते ते नेमके याचसाठी.

झीज कोणती आणि नुकसान कोणते, हे चार वर्षांनी आठवणीवर ठरविता येत नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, ही आज्ञा सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत किती तपशिलाने आली आहे! राहायला येण्याच्या दिवशी दोघांनी मिळून घराचे फोटो काढावेत, पंखे, नळ, काचा यांची यादी करून सही करावी. आपला राज्याचा कायदाही हेच मागतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. केंद्राने २०२१ मध्ये केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. अर्थात राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. परंतु मर्यादेत राहण्यासाठी श्रद्धावंताला राजपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांना या शहराच्या इतर भागांत नाव ऐकताच घर नाकारले जाते आणि ते नाइलाजाने आपल्या मोहल्ल्यात येतात. इथे त्यांची ती अडचण ओळखून आपलाच माणूस डिपॉझिट वाढवितो, हे पाहिले की मान खाली जाते.

दिरंगाईबद्दल थोडक्यात. "नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून देतो" हे वाक्य सर्वांनी ऐकलेले आहे. घर रिकामे करून किल्ली हाती दिली की कर्ज देय झाले. ऐपत असताना टाळाटाळ करणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. खरोखर हात तंग असेल तर सूरह अल-बकराची २८० वी आयत धनकोला सवलत देण्यास सांगते. पण ती सवलत घरमालकाने विनंती करून मागायची आहे, फोन न उचलून घ्यायची नाही. जाणाऱ्या कुटुंबाला त्याच दिवशी दुसऱ्या घराचे डिपॉझिट भरायचे असते. ते कोठून आणणार?

आतापर्यंतचे बहुतेकांना पटले असेल. यापुढचे जड आहे, कारण ते आपल्या वस्त्यांत घरोघरी चालते आणि त्याला कोणी वाईट म्हणत नाही. 'हेवी डिपॉझिट'. चार-पाच लाख रुपये घरमालकाला द्यायचे, भाडे काही नाही, मुदत संपली की रक्कम पूर्ण परत.

मी याविषयी उपदेशकाच्या उंचीवरून लिहू शकत नाही. लग्नानंतर दहा वर्षांपूर्वी मी स्वतः असाच एका वन-रूम-किचनमध्ये राहिलो. वडिलांनी गावाकडचा जमिनीचा तुकडा विकून चार लाख दिले होते. इमामाच्या पगारात भाडे झेपण्यासारखे नव्हते. दलाल म्हणाला, भाडे शून्य, मी अल्लाहचे आभार मानले. मदरशात मी रहनचा अध्याय शिकलो होतो, उत्तम गुणांनी; पण ग्रंथातला तो मसला मुंब्र्याच्या चौथ्या मजल्यावर मला ओळखू आला नाही. पुढे विद्यार्थ्यांना तोच अध्याय शिकविताना कर्ज देऊन तारणाच्या घरात फुकट राहणाऱ्याचे उदाहरण आले आणि मी वाचता वाचता थांबलो. तो माणूस मीच होतो. कर्जावर ठरवून घेतलेला कोणताही लाभ व्याजाच्या वर्गात जातो, हा सर्वमान्य नियम मी त्या मुलांकडून पाठ करून घेत होतो.

मुफ्तीसाहेबांना विचारले. त्यांनी अकरा महिन्यांचे प्रचलित भाडे देण्यास सांगितले. तेव्हा तसे घर सहा हजारांना जात असे; सहासष्ट हजार झाले. घरमालकीण वयस्कर विधवा होत्या, आम्ही त्यांना खाला म्हणत असू. पहिला हप्ता घेऊन गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "बेटा, मी तर मागितलेच नव्हते." फेडायला मला दोन वर्षे लागली.

लोक म्हणतात, दोघेही राजी आहेत, दोघांचाही फायदा आहे, मग हरकत काय? व्याजाने पैसे घेणाराही राजीच असतो. आणि फायद्याचे म्हणाल तर खालांचेच उदाहरण पाहा. मी दिलेले चार लाख त्यांनी मुलाच्या परदेशी नोकरीसाठी खर्च केले होते. माझी मुदत संपताच मला परत देण्यासाठी त्यांना दुसरा हेवी डिपॉझिटवाला शोधावा लागला, त्याच्यानंतर तिसरा. स्वतःचे घर असून त्यांना भाड्याचा एक रुपयाही मिळत नव्हता आणि चार लाखांचे कर्ज मात्र कायम होते. ज्याच्याजवळ आधीच रक्कम आहे तो फुकट राहतो. ज्याच्याजवळ नाही तो शेजारच्याच घरात दरमहा आठ हजार मोजतो. पाच लाखांवर वर्षाला शहाण्णव हजारांचे भाडे वाचत असेल तर तो शेकडा एकोणीसहून अधिक लाभ झाला. सरकारलाही हे कळते. लीव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क आकारताना महाराष्ट्रात परत करावयाच्या अनामतीवर दरसाल १० टक्के व्याज धरून ती रक्कम भाड्यात मिळविली जाते आणि त्या बेरजेवर ०.२५ टक्के शुल्क लागते. शुल्काच्या तक्त्यात ज्याला उघडपणे व्याज म्हटले आहे, त्याला आपण मोहल्ल्यात सोय म्हणतो.

कागदावर पाचशे रुपये भाडे लिहिल्याने हे बदलत नाही. मोठ्या रकमेमुळे भाडे कमी केले असेल तर ती कपात कर्जाचाच लाभ आहे. पण घरमालकाला एकरकमी पैशाची खरी गरज असेल तर वाट बंद नाही. भाडे आगाऊ घेता येते. महिना आठ हजारांचे घर तीन वर्षांसाठी सात हजारांनी ठरवावे आणि दोन लाख बावन्न हजार आजच घ्यावेत. आगाऊ भाड्यासाठी दर कमी करणे जायज आहे, कारण ती घराच्या वापराची किंमत आहे, कर्ज नव्हे. मधेच घर सोडले तर उरलेल्या महिन्यांचे भाडे परत द्यावे. भाडेकरूला ही रक्कम मुदतीअखेर परत मिळणार नाही, हे खरे. तो त्या घरात राहिला आहे.

त्या तिघांची गोष्ट अर्धीच राहिली. पंधरा दिवसांनी ते नवी यादी घेऊन आले. पहिल्या ओळीवर भाडेकरूचे पंचाहत्तर हजार होते. घर रिकामे होईपर्यंत ती रक्कम बहिणीच्या नावावर वेगळी ठेवायची, असे तिघांनी ठरविले होते. तिच्याखाली आणखी एक ओळ होती, समोर आकडा नसलेली. वडिलांची जुनी डायरी चाळताना बहिणीला आधीच्या भाडेकरूचे नाव सापडले होते. कोविडच्या टाळेबंदीत तो कुटुंबासह गावी निघून गेला, परत आला नाही. त्याला डिपॉझिट परत दिले होते की नाही, कोणालाच आठवत नव्हते. डायरीतील मोबाइल नंबर बंद होता. त्याचे गाव कुठल्या जिल्ह्यात आहे हे बिल्डिंगच्या वॉचमनला ठाऊक असावे, असे धाकट्याला वाटत होते. तो त्याला विचारायला गेला आणि मगरिबपर्यंत परत आला नव्हता.